विस्कॉन्सिनमधील शालेय व्हाउचरवरची देखरेख आणि लॉबिंगच्या नोंदी कशा तपासाव्यात

विस्कॉन्सिनमध्ये डिसेंबरात घरपट्टीचे बिल हातात पडले, की ओळखीच्या मराठी कुटुंबांपैकी कोणी ना कोणी मला दोन प्रश्न विचारते. खासगी शाळांकडे व्हाउचरद्वारे जाणाऱ्या सरकारी पैशावर नक्की कोणाचे लक्ष असते, आणि त्याचे नियम राजधानी मॅडिसनमध्ये कोण बदलून घेते? दोन्ही प्रश्नांची उत्तरे सार्वजनिक नोंदींत आहेत आणि ती घरबसल्या शोधता येतात. मात्र समाजमाध्यमांवर त्याबद्दल फिरणारा सल्ला बहुतेक वेळा अर्धवट असतो, आणि या विषयात अर्धवट माहिती घेऊन बोलणारा माणूस दोन्ही बाजूंचे नुकसान करतो. म्हणून गेल्या अनेक अर्थसंकल्पांच्या काळात मी ज्या क्रमाने या नोंदी पाहत आलो आहे, तो क्रम येथे देत आहे.

मिलवॉकीची योजना १९९० मध्ये सात खासगी शाळांपासून सुरू झाली. अमेरिकेतील आधुनिक व्हाउचर योजनांची सुरुवात हीच मानली जाते. आज राज्यात चार योजना आहेत आणि त्यांत मिळून ५०,००० हून अधिक विद्यार्थी शिकतात. विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांची योजना सोडता, २०२४-२५ या वर्षी आठवीपर्यंतच्या पूर्णवेळ विद्यार्थ्यामागे १०,२३७ डॉलर आणि नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यामागे १२,७३१ डॉलर शाळेला दिले गेले. शिक्षण हक्क कायद्याखालील २५ टक्के प्रवेश आणि त्यांची शाळांना मिळणारी प्रतिपूर्ती ज्यांनी महाराष्ट्रात जवळून पाहिली आहे, त्यांना या व्यवहाराची ढोबळ कल्पना लगेच येईल. एक फरक मात्र मोठा आहे. कायद्यासाठी आमदारांकडे खेटे घालणाऱ्यांना, म्हणजे लॉबिंग करणाऱ्यांना, नोंदणी करायला लावणारा कायदा भारतात नाही. विस्कॉन्सिनमध्ये तो आहे आणि त्यातील नोंदी कोणालाही पाहता येतात.

पायरी १ : योजना ठरवा

मिलवॉकी, रसीन, उर्वरित राज्य आणि विशेष गरजा असलेले विद्यार्थी यांसाठी चार वेगळ्या योजना आहेत व त्यांचे नियम, उत्पन्नमर्यादा आणि पैशाचे मार्ग वेगळे आहेत, म्हणून आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे आपल्या भागातील सरकारी शाळांच्या क्षेत्राला, लागू असलेली योजना आधी निश्चित करा.

पायरी २ : शाळानिहाय आकडे उतरवून घ्या

देखरेखीचे काम राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शनकडे, म्हणजे सगळे ज्याला डीपीआय म्हणतात त्या विभागाकडे आहे. शाळानिहाय विद्यार्थिसंख्या आणि दिलेली रक्कम विभाग स्वतः प्रसिद्ध करतो. येथे एकच इशारा देतो. एकूण रकमेला विद्यार्थ्यांच्या डोक्यांनी भागू नका. चार वर्षांच्या मुलांच्या वर्गातील विद्यार्थी पैशाच्या हिशेबात ०.५ किंवा ०.६ धरला जातो, त्यामुळे बालवर्ग मोठा असलेल्या शाळेला दरडोई पैसे कमी मिळतात असे दिसते आणि मग त्यावरून निष्कारण वाद होतात. मोजणी सप्टेंबरच्या तिसऱ्या शुक्रवारी आणि जानेवारीच्या दुसऱ्या शुक्रवारी होते. आकडा कोणत्या शुक्रवारचा आहे ते आपल्या टिपणात लिहून ठेवा.

पायरी ३ : विभाग काय तपासतो ते तपासा

विभागाला कायद्याने जे तपासता येत नाही, ते तपासले नाही म्हणून त्याला दोष देणे चूक आहे. सहभागी शाळेला स्वतंत्र लेखापालाकडून वित्तीय लेखापरीक्षण करून घ्यावे लागते आणि ते शैक्षणिक वर्ष संपल्यानंतरच्या १५ ऑक्टोबरपर्यंत सादर करावे लागते. विद्यार्थिसंख्येचेही लेखापरीक्षण होते. विशेष गरजांची योजना सोडता, शाळेला मान्यतादायी संस्थेची मान्यता लागते, व्हाउचरवरच्या विद्यार्थ्यांना राज्याच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि शिक्षकाकडे पदवी असावी लागते. सरकारी शाळेतील शिक्षकाला लागणारा राज्याचा शिक्षक परवाना मात्र लागत नाही. अटी न पाळणाऱ्या शाळेचे पैसे रोखण्याचा आणि तिला योजनेबाहेर काढण्याचा अधिकार विभागाला आहे. थोडक्यात, ही देखरेख मुख्यतः पैशाची आणि कागदपत्रांची आहे. वर्गात काय शिकवले जाते, यावर ती फारच थोडी पोहोचते. ही मर्यादा योग्य की अयोग्य यावर मते वेगळी असू शकतात, पण ती मर्यादा आहे हे मान्य करूनच पुढे जावे.

खासगी शाळा स्वतः माहितीच्या कायद्याखाली येत नाही, परंतु तिने विभागाला दिलेला कागद विभागाच्या ताब्यातील नोंद ठरतो. त्यासाठी विभागाला पत्र लिहा आणि पत्र नेमके लिहा: «अमुक शाळेने अमुक वर्षासाठी सादर केलेला वित्तीय लेखापरीक्षण अहवाल आणि त्याबाबत विभागाने शाळेला पाठवलेली पत्रे». «या शाळेबद्दलची सर्व माहिती» असे लिहिले, तर महिने जातात. आपण कोण आहोत आणि कागद कशासाठी हवा आहे हे सांगण्याची सक्ती विस्कॉन्सिनच्या कायद्यात नाही, आणि नागरिकत्वाची अटही नाही. एच-वन व्हिसावर असलेले आपले अनेक लोक उगाच मागे राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. शोधण्याचा खर्च ५० डॉलरपेक्षा कमी असेल, तर शोधाचे शुल्कही लावता येत नाही. विद्यार्थ्यांची नावे मात्र मागू नका. ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत.

पायरी ४ : लॉबिंगच्या नोंदी वाचा

खरी अडचण येथे आहे, आणि मी स्वतः येथेच चुकलो होतो.

लॉबिंगची नोंदणी विस्कॉन्सिन एथिक्स कमिशनकडे होते आणि ती «आय ऑन लॉबिंग» या संकेतस्थळावर पाहायला मिळते. जी संस्था लॉबिस्ट नेमते, तिला प्रिन्सिपल म्हणतात. संस्थेला नोंदणी करावी लागते आणि तिच्या लॉबिस्टला परवाना घ्यावा लागतो. व्हाउचरच्या बाजूने स्कूल चॉइस विस्कॉन्सिन आणि विरोधात विस्कॉन्सिन एज्युकेशन असोसिएशन कौन्सिल ही शिक्षकांची संघटना, ही दोन नावे सर्वांना ठाऊक आहेत. नोंद असणे हा दोष नव्हे. नोंदणी करणारी संस्था कायदा पाळत असते. «अमुक संस्था लॉबिंग करते» एवढेच वाक्य आरोपाच्या सुरात लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याने वाचकाला काहीच कळत नाही. किती तास, कशावर आणि केव्हा, हे तीन प्रश्न विचारायचे असतात.

बहुतेक मार्गदर्शनांत सांगितलेले असते, की विधेयकाचा क्रमांक टाका आणि खालची यादी वाचा. मीही तसेच केले होते. क्रमांक टाकला, की एक तक्ता उघडतो: संस्थेचे नाव, तिने आपला रस कळवला ती तारीख, आणि बाजूने की विरुद्ध ते. तो पाहून समाधान होते. एका अर्थसंकल्पाच्या वर्षी मी व्हाउचरविषयीची सर्व स्वतंत्र विधेयके अशी पाहिली, दोन-चारच नावे सापडली, आणि आमच्या भागातील वाचनालयात भरलेल्या पालकांच्या बैठकीत मी ठामपणे सांगितले, की यंदा या विषयावर फारसे लॉबिंग झालेले नाही. मागच्या रांगेतील एका निवृत्त बाईंनी हात वर केला आणि दोन्ही बाजूंच्या संस्थांची नावे असलेला छापील कागद माझ्यापुढे ठेवला. कागद त्याच संकेतस्थळाचा होता. मी पाहिलेल्या पानापेक्षा पान वेगळे होते, इतकेच. त्या बैठकीतून काही पालक माझ्यावर विश्वास ठेवून आधीच घरी गेले होते, आणि त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचवायला मला कित्येक दिवस लागले.

चूक अशी होती. विस्कॉन्सिनमध्ये व्हाउचरचे मोठे बदल बहुधा स्वतंत्र विधेयकाने होत नाहीत. ते दर विषम वर्षी येणाऱ्या द्वैवार्षिक अर्थसंकल्पात घातले जातात. राज्यव्यापी योजना २०१३ च्या अर्थसंकल्पीय कायद्यातून आली आणि विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यांची योजना २०१५ च्या. अर्थसंकल्पाचे विधेयक अवाढव्य असते, म्हणून लॉबिंगच्या नोंदीत त्याचे विभागवार उपविषय पाडलेले असतात. व्हाउचरचा उपविषय पब्लिक इन्स्ट्रक्शनच्या खाली, चार्टर शाळा (करारावर चालणाऱ्या स्वायत्त सरकारी शाळा) आणि ओपन एन्रोलमेंट (दुसऱ्या डिस्ट्रिक्टच्या सरकारी शाळेत प्रवेश) यांच्यासोबत एकाच मथळ्यात येतो. तुम्ही केवळ विधेयक क्रमांकाने शोधलेत, तर हा उपविषय तुमच्या नजरेस पडतच नाही. २०२३ मध्ये व्हाउचरची रक्कम वाढवणारा कायदा, म्हणजे त्या वर्षीचा अ‍ॅक्ट ११, स्वतंत्र विधेयकातून आला. त्या वर्षी हा विषय शिकलेल्यांना क्रमांकाची पद्धत पुरेशी वाटते, ती यामुळेच. तो अपवाद होता.

म्हणून चार ठिकाणे पाहावीत. स्वतंत्र विधेयके पाहावीत, अर्थसंकल्पाचे उपविषय पाहावेत, आणि विधेयकाला क्रमांक मिळण्यापूर्वी संस्थांनी स्वतःच्या शब्दांत कळवलेले विषय पाहावेत. या तिसऱ्या ठिकाणी ठरावीक मथळा नसतो, म्हणून «व्हाउचर», «चॉइस», «स्कॉलरशिप» असे निरनिराळे शब्द टाकून शोधावे लागते. चौथे ठिकाण म्हणजे प्रशासकीय नियम, आणि देखरेखीच्या दृष्टीने मी त्याला सर्वांत महत्त्वाचे मानतो. लेखापरीक्षणात काय द्यायचे, कोणता कागद कधी द्यायचा, अशा बारीक गोष्टी पुष्कळदा नियमांत ठरतात, आणि नियमांवर प्रभाव टाकण्याच्या प्रयत्नांचीही नोंद करावी लागते. देखरेख सैल होते किंवा घट्ट होते ती अशा शांत जागी, आणि तेथे वर्तमानपत्राचा वार्ताहर क्वचितच असतो.

आता तासांबद्दल. संस्था दर सहा महिन्यांनी आपल्या लॉबिंगचे एकूण तास आणि खर्च कळवते व त्यांतील किती टक्के वेळ कोणत्या विषयावर गेला ते सांगते. परंतु ज्या विषयावर १० टक्क्यांपेक्षा कमी वेळ गेला, तो किरकोळ प्रयत्नांच्या गठ्ठ्यात जातो. याचा परिणाम नीट समजून घ्या. समजा, एका मोठ्या संघटनेने सहा महिन्यांत ८०० तास काम केले आणि त्यातील ८ टक्के व्हाउचरवर गेले. हे ६४ तास होतात, पण टक्केवारीत व्हाउचर दिसणारच नाही. समजा, एका लहान, एकाच विषयाला वाहिलेल्या संस्थेने १०० तास काम केले आणि त्यातील ६० टक्के व्हाउचरवर गेले. हे ६० तास ठळकपणे दिसतील. तक्ता वरवर वाचणाऱ्याला लहान संस्था प्रचंड आणि मोठी संघटना निष्क्रिय वाटेल, प्रत्यक्षात दोघींचे काम जवळपास सारखे असेल. टक्केवारीवरून कोणाचेही वजन ठरवू नका. एकूण तास आधी लिहा, मग टक्के लावा, आणि किरकोळ गठ्ठ्यातील विषयांची नावे वेगळी नोंदवा.

तारखांचाही असाच फटका बसतो. तासांचा अहवाल ३१ जुलै आणि ३१ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो. राज्याचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अर्थसंकल्पावर सह्या सहसा त्याच सुमारास होतात, म्हणजे तास दिसू लागतात तोवर निर्णय होऊन गेलेला असतो. अधिवेशन चालू असताना उपयोगी पडते ती दुसरी नोंद: एखाद्या विषयावर पहिला संपर्क केल्यापासून १५ दिवसांच्या आत संस्थेला तो विषय कळवावा लागतो. मे आणि जून महिन्यांत मी दर आठवड्याला हीच यादी पाहतो. अर्थसंकल्प हाताळणाऱ्या विधिमंडळाच्या समितीच्या, म्हणजे जॉइंट फायनान्स कमिटीच्या, अखेरच्या बैठकीत बहुधा रात्री उशिरा एक मोठा एकत्रित प्रस्ताव येतो, ज्याला मॅडिसनमध्ये «मोशन ९९९» म्हणतात. २०१५ च्या जुलैमध्ये अशाच प्रस्तावात माहितीचा कायदा आकुंचित करणारी कलमे होती. राज्यभर ओरड झाली आणि काही दिवसांतच ती मागे घ्यावी लागली. तिसऱ्या पायरीतील तुमचे पत्र ज्या कायद्यावर उभे आहे, तोच कायदा तेव्हा धोक्यात होता, हे लक्षात असू द्या.

पायरी ५ : निवडणूक निधी वेगळा ठेवा

उमेदवारांना दिलेल्या देणग्यांच्या नोंदीही एथिक्स कमिशनकडेच असतात, पण त्या लॉबिंगच्या तासांत मिसळू नका, कारण दोन्हींचे कायदे वेगळे आहेत. लॉबिस्टने आमदाराला कॉफीचा कपही पाजू नये इतका विस्कॉन्सिनचा नियम कडक आहे, आणि त्याच वेळी निवडणुकीचा प्रचार निराळ्या नियमांनी चालतो.

पायरी ६ : एका पानावर मांडा

एका उभ्या रकान्यात तारखा लिहा आणि त्यांच्यासमोर दोन रकाने करा. डावीकडे विभागाच्या गोष्टी: मोजणीचे शुक्रवार, लेखापरीक्षणाची मुदत, नियमांतील बदल, रोखलेले पैसे. उजवीकडे कमिशनच्या गोष्टी: कोणी कोणता विषय कधी कळवला, नंतर किती तास दाखवले. दोन तारखा जवळ आल्या म्हणून एकामुळे दुसरे घडले असे लिहू नका; संबंधित आमदाराच्या कार्यालयाला आणि संस्थेला विचारा, आणि दोन्ही बाजूंच्या संस्थांना तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारा. माझ्या अनुभवात संस्था बहुधा उत्तर देतात.

ही पद्धत विस्कॉन्सिनची आहे. ॲरिझोनात पैसे पालकांसाठी उघडलेल्या खात्यात जातात, त्यामुळे तेथे देखरेख शाळेऐवजी खरेदीची असते, आणि लॉबिस्टची नोंदणी सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे होते. दुसऱ्या राज्यातील नातेवाइकाला हे पान पाठवताना पैसा कोणाच्या हाती जातो आणि नोंदणी कोणत्या कार्यालयात होते, या दोन गोष्टी आधी बदलून घ्याव्यात.