जोडीदार बाहेर आला की आधी पाणी, मग ॲम्ब्युलन्स

नवीन भरती झालेल्या फायरमन पोरांसाठी लिहितोय. बीए सेट (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा श्वासमास्क) चढवणं, वारा पाठीवर घेऊन शिरणं तुमच्याकडून ट्रेनिंगमध्ये घोटून घेतलंय, ते परत सांगत नाही.

सांगली-तासगाव पट्ट्यात बेदाण्याची कोल्ड स्टोरेज कितीतरी, आणि तिथं थंडाव्यासाठी अमोनिया. माझ्या दुसऱ्या वर्षी अशाच एका ठिकाणी व्हॉल्व्ह गळला आणि जोडीदाराच्या मांडीवर द्रवाचा फवारा बसला. आम्ही त्याला उचलून धावत आणलं, ओल्या कपड्यांनिशी ॲम्ब्युलन्समध्ये ठेवलं, दार लावलं. थोड्याच वेळात डॉक्टर आणि ड्रायव्हर डोळे चोळत खाली उतरले. गाडी जागची हलेना. मांडी तोवर जळतच होती. घाई मी केली, भोगलं त्यानं.

अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो. घाम हेही पाणीच, म्हणून काख, जांघ, मानेच्या घड्या आधी भाजतात. कपडे उतरवले की बरंचसं रसायन अंगावरून जातं. ते डोक्यावरून ओढू नका, कात्रीनं कापा. द्रव उणे 33 अंशांचा असतो. कापड कातडीला गोठून चिकटलं असेल तर आधी त्यावर साधं पाणी सोडा. प्रेशर कमी ठेवा. डोळे आणि कातडी किमान 15 मिनिटं धुवा, घड्याळ लावून. लिंबू, व्हिनेगर अजिबात नको. आणि तुमचा स्वतःचा मास्क सगळ्यात शेवटी, ट्युनिक म्हणजे अंगावरचा फायर कोट धुऊन झाल्यावर काढा. मी आधी काढला होता, आठवडाभर खोकलो.

ओला रुमाल बांधून आत जाणारे जुने लोक भेटतील. त्यांच्या मागं जाऊ नका. रुमालात विरघळलेला अमोनिया तोंडावरच राहतो. जो लीडिंग फायरमन रोज सकाळी मास्कचं सील तपासतो, त्याच्या मागं राहा, तो कितीही ओरडला तरी.

खोकला थांबला म्हणून कुणाला घरी सोडू नका; फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरतं. दवाखान्यात रसायनाचं नाव आणि वेळ सांगा.

घाबरू नका मात्र. वेळेवर धुतलं तर बहुतेकदा माणूस वाचतो, जखमही भरते. माझा जोडीदार आज ड्युटीवर आहे. आता आत शिरण्याआधी धुण्याची लाइन चार्ज करून, म्हणजे होजपाइपात पाणी भरून, तोच तिथं उभा राहतो, आणि त्याच्या हातात कात्री असते.