तालुक्याच्या मैदानावर मुलींची उंच उडी: गादीपासून स्कोअरशीटपर्यंत

खानदेशातल्या बहुतेक शाळांची मैदानं काळ्या मातीची. पाऊस पडून गेला की बुटांना मातीचे गोळे चिकटतात आणि वळणावरच्या शेवटच्या दोन पावलांत मुलगी घसरते. म्हणून जागा आठवडाभर आधीच ठरवा. बारीक मुरूम पसरा, पाणी मारा आणि रोलर फिरवा. चिखल झाकायला वरून वाळू टाकू नका, वाळूवर पाय ठरत नाही. धावेसाठी नियमाने किमान १५ मीटर लागतात. ही जागा दोन्ही बाजूंना मोकळी हवी, कारण डाव्या पायावर उडणारी उजवीकडून येते आणि उजव्या पायावर उडणारी डावीकडून. स्पर्धा दुपारनंतर असेल तर गादी पूर्वेला ठेवा, म्हणजे धावताना ऊन पाठीवर राहतं.

फोमची गादी नसेल तर फॉसबरी फ्लॉप, म्हणजे दांडीकडे पाठ करून मारलेली उडी, होऊ देऊ नका. यात तडजोड नाही. फ्लॉपमध्ये मुलगी पाठीवर आणि खांद्यांवर पडते, त्यामुळे वाळूच्या खड्ड्यात मानेला इजा होऊ शकते. तिथे फक्त सिझर, म्हणजे पाय कात्रीसारखे टाकून पायांवरच उतरायचं. कापूस आपल्याकडे मुबलक आहे, पण कापसाच्या गाद्या रचून फ्लॉप घेऊ नका. कापूस एकदा दबला की दबलेलाच राहतो. मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत गादी किमान ६ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ७० सेंटीमीटर उंच असते. फोमचे दोन-तीन तुकडे जोडून वापरणार असाल तर ते दोरीने घट्ट बांधा आणि वरून एकच कव्हर घाला, नाहीतर फटीत पाय जाऊन घोटा मुरगळतो. खांब आणि गादी यांत १० सेंटीमीटर अंतर ठेवा. गादी खांबाला टेकलेली असली की उडी साफ झाल्यावरही तिच्या धक्क्याने दांडी पडते.

दांडी ४ मीटर लांब, वजनाला २ किलोच्या आत. मध्यभागी ती २ सेंटीमीटरपेक्षा जास्त झुकता कामा नये. तिच्या टोकांना रबर किंवा चिकटपट्टी लावलेली असेल तर काढून टाका. रबर पकड घेतं, मग पडायला हवी ती दांडी पडत नाही. टोक आणि खांब यांत दोन्हीकडे किमान १ सेंटीमीटर मोकळं हवं. दांडीच्या एका अंगावर पेनाने खूण करा आणि ते अंग दर वेळी वरच ठेवा. जुनी दांडी थोडी वाकलेली असतेच, ती उलटली की उंची बदलते. टेप जमिनीपासून सरळ उभा धरून दांडीच्या वरच्या कडेचा सर्वांत खालचा बिंदू मोजा, आणि प्रत्येक नव्या उंचीला पुन्हा मोजा.

मुलींना आधीच सांगा: केसांत क्लिप किंवा पिन नको, पाठीवर पडताना ती टोचते. वेणीचा अंबाडा घट्ट बांधा. लोंबती वेणी लागून दांडी पडली तर फाउलच द्यावा लागतो. उडी एकाच पायावरून. दांडी ओलांडण्याआधी खांबांच्या रेषेपलीकडे जमिनीला किंवा गादीला अंग लागलं तरी फाउल. दांडीला न लागता मुलगी पार झाली आणि मग वाऱ्याने दांडी पडली, तर उडी ग्राह्य. वाऱ्याने इतर कुठल्याही वेळी पडली तर नवा प्रयत्न द्या. तिघींपेक्षा जास्त मुली उरल्या असतील तर प्रत्येकीला १ मिनिट, दोघी-तिघी उरल्यावर दीड मिनिट.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती स्कोअरशीटवरून. उंचीचा क्रम स्पर्धेआधी जाहीर करा, उदाहरणार्थ १.१० पासून ५-५ सेंटीमीटरने १.३० पर्यंत, पुढे ३-३ ने. एकटी विजेती उरेपर्यंत वाढ २ सेंटीमीटरपेक्षा कमी नको, आणि एकदा कमी केलेली वाढ पुन्हा मोठी करायची नाही. पार ०, फाउल ×, सोडलेला प्रयत्न –. सलग तीन × म्हणजे बाद, मग ते वेगवेगळ्या उंचीवरचे का असेनात. एका फाउलनंतर उंची सोडली तर पुढच्या उंचीवर दोनच प्रयत्न उरतात.

आता समजा १.३६ कुणालाच जमली नाही आणि १.३३ तिघींनी पार केली. छातीवरचा क्रमांक ७: १.३० ला ०, १.३३ ला ×०. क्रमांक १२: दोन्हीकडे ×०. क्रमांक २१: १.३० ला ०, १.३३ ला ××०. आधी १.३३ वरचे फाउल बघा. २१ चे दोन, म्हणून ती तिसरी. ७ आणि १२ बरोबरीत. मग पहिल्या उंचीपासून १.३३ पर्यंतचे सगळे फाउल मोजा. १.३० च्या आधी दोघींचा एकही फाउल नसेल तर ७ चा एक, १२ चे दोन, म्हणून ७ पहिली. १.३६ वरचे फाउल यात धरायचे नाहीत, हिशेब चुकतो तो नेमका इथेच. २०२२ च्या ओरेगॉन जागतिक स्पर्धेत एलेनॉर पॅटरसन आणि यारोस्लाव्हा माहुचिख दोघींनी २.०२ मीटर पार केली. पॅटरसनने ती पहिल्या प्रयत्नात केली, म्हणून सुवर्ण तिचं.

एवढं करूनही पहिल्या क्रमांकाची बरोबरी सुटली नाही तर जंप-ऑफ घ्या. दोघींना पार झालेल्या उंचीच्या पुढची जाहीर उंची लावा, प्रत्येकीला एकच प्रयत्न. दोघी चुकल्या तर २ सेंटीमीटर खाली, दोघी पार झाल्या तर २ वर. बाकीच्या क्रमांकांसाठी जंप-ऑफ नाही, बरोबरी तशीच लिहा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक असंच दोघींना मिळालं, पॅटरसन आणि इरिना गेराश्चेंको यांना, दोघींची उडी १.९५ मीटर.