पाठलागाच्या सीनसाठी ब्रास लिहिताना

पाठलागाच्या सीनचं पार्श्वसंगीत लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो ट्रम्पेट-ट्रॉम्बोन पहिल्या बारपासून (बार म्हणजे ठरावीक बीटचा एक गट) शेवटपर्यंत जोरात वाजवायचा. तसं केलं की विसाव्या सेकंदाला कान बधिर होतात आणि खरा धक्का यायचा तिथे वाढवायला काही उरत नाही. वेग तंतुवाद्यांकडून आणि तालवाद्यांकडून घ्यावा, ब्रासकडून (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्यांकडून) वजन. आणि वजन जाणवायचं तर ब्रासला बराच वेळ गप्प ठेवावं लागतं.

उदाहरणादाखल ८० सेकंदांचा सीन धरू: अरुंद गल्ल्यांतून मोटरसायकलींचा पाठलाग, मध्ये एक उडी, शेवटी पूल. संचात ४ फ्रेंच हॉर्न, ३ ट्रम्पेट, ३ ट्रॉम्बोन (तिसरा बास ट्रॉम्बोन) आणि १ ट्युबा.

लॉक झालेला कट (संकलन पक्कं झालेला सीन) हातात आल्याशिवाय एकही स्वर लिहू नका, आणि एडिटरला फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) विचारून घ्या. २४ फ्रेमला १४४ बीपीएम (मिनिटाला १४४ बीट) हा फार सोयीचा टेम्पो आहे, कारण एक बीट बरोबर १० फ्रेमचा होतो. ८० सेकंदांत १९२ बीट, म्हणजे ४/४ चे (चार बीटचे) ४८ बार. कट २५ फ्रेमचा असेल तर तोच हिशोब १५० बीपीएमला जमतो. इथली गफलत महागात पडते: २४ ची फाइल कुणी २५ वर चालवली तर तुमचा ८० सेकंदांचा सीन ७६.८ सेकंदांतच संपतो.

आता उडी. समजा, ती २१ सेकंद ६ फ्रेमवर आहे, म्हणजे ५१ बीट पूर्ण झाल्यावर. सरळ ४/४ मध्ये १२ बार होऊन ३ बीट उरतात, आणि सम उडीवर येत नाही. तेराव्या बारला ३/४ केलं तर काम भागतं. पण आमची पसंती दुसऱ्या मार्गाला आहे: ११ बार ४/४ आणि मग दोन बार ७/८ (प्रत्येकी साडेतीन बीट). ४४ अधिक ७, झाले ५१. प्रत्येक ७/८ मध्ये अर्धा बीट गळतो, ऐकणारा पुढे ओढला जातो, आणि चौदाव्या बारची सम नेमकी उडीवर पडते. पार्टमध्ये (वादकाला दिलेल्या स्वरलिपीत) सात अर्ध्या बीटची २+२+३ अशी फोड स्पष्ट दाखवा, म्हणजे वादक अडखळत नाहीत. उरलेल्या १४१ बीटचे ३५ बार करताना शेवटचा बार ५/४ चा ठेवा.

८० सेकंदांत असे तीन-चार हिट (चित्रातल्या घटनेवर नेमके पडणारे ठोके) पुरेत. प्रत्येक वळणावर झांज वाजली की सीन कार्टूनसारखा वाटायला लागतो. हिट चित्राच्या एक-दोन फ्रेम मागे पडला तर चालतं. आधी आला तर लगेच खटकतं.

स्वर निवडताना ट्रॉम्बोनची स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) डोळ्यांसमोर आणा. पाठलागात अर्ध्या स्वराचं मागेपुढे चालणारं ऑस्टिनाटो (तीच तीच फिरणारी छोटी स्वरावली) हमखास लागतं. बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांच्या स्वरलिपीत) बी फ्लॅट आणि त्यावरचा बी नॅचरल (दुसऱ्या रेषेचे दोन्ही) कीबोर्डवर शेजारी असतात, पण साध्या टेनर ट्रॉम्बोनवर पहिला स्वर पहिल्या पोझिशनवर (स्लाइड पूर्ण आत) आणि दुसरा थेट सातव्यावर मिळतो. प्रत्येक वेळी हात पूर्ण लांब करावा लागतो. १४४ ला ते अशक्यच. एफ ट्रिगर (अंगठ्याने जादा नळी जोडणारी कळ) असला तर सुटका होते, पण त्यावर विसंबू नका. तेच ऑस्टिनाटो त्यावरच्या डी आणि ई फ्लॅटवर नेलं की चौथी आणि तिसरी पोझिशन, मनगटाच्या हालचालीवर निभतं. म्हणून हा सीन डी मायनरमध्ये.

मुख्य धून चारही हॉर्नना एकत्र द्या, ए३ ते डी५ च्या पट्ट्यात (मधला सी म्हणजे सी४). जोरात वाजताना दोन हॉर्न मिळून एका ट्रम्पेटची किंवा ट्रॉम्बोनची बरोबरी करतात, त्यामुळे हॉर्नच्या धुनेवर तीन ट्रम्पेट फोर्टेमध्ये (जोरात) टाकले की धून गेलीच. त्या जागी ट्रम्पेट थांबवा किंवा म्यूट (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडाशी बसवायचं बूच) लावून आखूड ठोके द्या. ट्रॉम्बोन-ट्युबा सी३ च्या खाली गेले की पंचम आणि सप्तक एवढंच ठेवा. तिथे जवळजवळचे स्वर नुसते गढूळ होतात. तिथेच इंजिनाची घरघरही असते. साउंड डिझायनरकडून कच्चा इफेक्ट ट्रॅक मागून घ्या आणि बाइकच्या क्लोजअपला खालचं ब्रास काढून टाका.

४८ बारांची वाटणी साधारण अशी. १ ते ८: तंतुवाद्यं आठव्या (अर्ध्या बीटच्या) मात्रांत, ३+३+२ चे ठोके, वर म्यूट लावलेले ट्रम्पेट. ९ पासून ट्रॉम्बोनचं ऑस्टिनाटो. तेराव्या बारचा शेवटचा ३ चा गट ब्रासला पूर्ण मोकळा; श्वास तिथेच घेतला जातो आणि चौदाव्याचा ठोका दुप्पट मोठा वाटतो. मग हॉर्नची धून. २९ ते ३६ ब्रास बंद. शेवटच्या १२ बारांत सगळे.

सँपलवर (कॉम्प्युटरमधल्या रेकॉर्ड केलेल्या वाद्यस्वरांवर) लिहिणाऱ्यांची चूक बहुधा श्वासाची असते, कारण सँपलला धाप लागत नाही. ट्युबाला खाली फोर्टिसिमोमध्ये (फार जोरात) दोन बारांपेक्षा (३.३ सेकंद) लांब स्वर देऊ नका, हवे असतील तर बास ट्रॉम्बोनशी आलटून-पालटून द्या. म्यूट लावायला-काढायला चार बार सोडा. १४४ ला सोळाव्या (पाव बीटच्या) मात्रा म्हणजे सेकंदाला ९.६ ठोके, ते डबल टंगिंगनेच (जिभेचं टोक आणि मागचा भाग आलटून-पालटून वापरून) निघतात. ट्रम्पेटला एकाच स्वरावर एखादा बार द्या, ट्युबाला अजिबात नाही. ट्रम्पेटचा सी६ संपूर्ण सीनमध्ये एकदाच, तोही पुलावर.

पार्ट काढताना हॉर्न एफमध्ये (वाजतो त्याच्या पंचम वर) आणि ट्रम्पेट बी फ्लॅटमध्ये (एक पूर्ण स्वर वर) लिहा. मुंबईत ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचे उत्तम वादक मिळतात. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गोव्याच्या वादकांनी ही परंपरा उभी केली. एका ताकदीचे चार हॉर्न जमवणं त्यापेक्षा कठीण जातं. हॉर्न युरोपातल्या ऑर्केस्ट्राकडून ऑनलाइन सेशनमध्ये घेणार असाल तर ट्युनिंग आधीच ठरवा: तिकडे ए ४४२ (हर्ट्झ) सर्रास असतो, आपले कीबोर्ड ४४० वर. तंतुवाद्यं आणि ब्रास वेगळे रेकॉर्ड करा, म्हणजे मिक्समध्ये ब्रास खाली घेता येतं. तीन तासांच्या सेशनमध्ये हा सीन पहिल्या तासात घ्या. ओठ थकले की आधी वरचे स्वर फाटतात, मग सूर उतरतो. शेवटचा स्वर विरताना हेडफोनमधला क्लिक (टेम्पो दाखवणारी टिकटिक) माइकमध्ये शिरतो, म्हणून क्लिक ४८ व्या बारच्या पहिल्या बीटनंतर बंद करा आणि शेवट कंडक्टरच्या हातावर सोडा.