लिक्विड क्रिस्टलचा अवरक्त वर्णपट घेण्याआधी

फाइव्ह-सीबी या लिक्विड क्रिस्टलचे (रेणू एका दिशेत रांगेत राहतात असा द्रव) रेणू किती रांगेत आहेत, ते अवरक्त प्रकाशाच्या शोषणावरून मोजायचं आहे. जुलैत ठाण्यात हे मोजमाप करायचं तर तयारी आदल्या संध्याकाळीच सुरू करा. यंत्रातला ओलावा शोषणारी सिलिका जेल गुलाबी झाली असेल तर ओव्हनमध्ये तापवून निळी करून घ्या. नायट्रोजनचा सिलिंडर भरलेला हवा. खाडीवरून येणारी दमट हवा यंत्रात शिरली की पाण्याच्या वाफेचे काटे १३०० ते १९०० सेंमी⁻¹ (तरंगसंख्येचं एकक) मध्ये उभे राहतात आणि बेंझीन कड्याचा १६०६ चा पट्टा नेमका तिथेच आहे.

नमुना ज्या दोन खिडक्यांमध्ये भरायचा (हाच आपला सेल), त्या कॅल्शियम फ्लोराइडच्याच घ्या. पोटॅशियम ब्रोमाइड या हवेत धुरकट होतं, शिवाय त्यावर पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पाण्यातलं द्रावण लावायचं म्हणजे खिडकीच विरघळवायची. थर सुकला की मखमलीने एकाच दिशेने घासा, मागेपुढे अजिबात नाही. लिक्विड क्रिस्टलचे रेणू त्याच रेषेत आडवे होतात. कडेला मार्करने बाण काढून ठेवा, कारण नंतर दिशा डोळ्यांना दिसत नाही.

दोन खिडक्यांमधलं अंतर राखणारा स्पेसर ५-६ मायक्रॉनचा. जास्त जाड थरात २२२६ चा सायनो (कार्बन-नायट्रोजन बंधाचा) पट्टा माथ्यावर चपटा होतो, आणि आपलं सगळं गणित त्याच पट्ट्यावर आहे. सायनो बंध रेणूच्या लांब अक्षावरच असतो, म्हणून पोलरायझर (एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे सोडणारी चकती) घासलेल्या दिशेला समांतर असताना शोषण जास्त, आडवा केला की कमी. या दोन शोषणांचं गुणोत्तर (समांतर भागिले आडवं) आर धरलं, तर (आर − १) ला (आर + २) ने भागून रेणू किती रांगेत आहेत ते कळतं. २९३० च्या आसपासचे रेणूच्या लवचिक शेपटीचे पट्टेही जरूर बघा. तिथे फरक उलटा आणि बराच कमी असतो: गाभा ताठ, शेपटी सतत वळवळणारी. मला या प्रयोगातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

फाइव्ह-सीबी साधारण २४ ते ३५ अंशांतच नेमॅटिक (रेणू रांगेत असलेल्या अवस्थेत) असतं. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या खोलीत नमुना साधा द्रव झाला होता आणि मी दुपारभर आर १ च मोजत बसले. म्हणून हॉट स्टेजशिवाय (नमुन्याचं तापमान स्थिर ठेवणारं साधन) सुरुवात करू नका. ४० अंशांना सेल भरा, सावकाश थंड करा आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन पोलरायझरमध्ये फिरवून बघा. सगळीकडे एकदमच अंधार व्हायला हवा. पट्टे दिसले तर सेल उघडा, पुन्हा घासा.

यंत्राचा किरण स्वतःच थोडा ध्रुवित असतो, तेव्हा पोलरायझरच्या प्रत्येक कोनाचं बॅकग्राउंड वेगळं घ्या. पहिलं मोजमाप ४० अंशांनाच: आर १ आला पाहिजे. आला की २६ वर या आणि दोन-दोन अंशांनी वर चढा. ३३ नंतर मात्र अर्ध्या-अर्ध्या अंशाने, कारण तिथे रांग झपाट्याने मोडते.