अळ्यांचा डीएनए तपासायचाय? आधी गोळा करायला शिका

ठाण्यातली फॉरेन्सिकची मुलं नेहमी विचारतात की मृतदेहावरच्या माशीच्या अळीच्या डीएनएवरून मृत्यूची वेळ कळते का, तर थेट नाही कळत. डीएनए माशीची जात सांगतो, आणि त्या जातीच्या वाढीचा वेग नि तापमान धरून मग अळीचं वय काढायचं, त्यावरून मृत्यू साधारण कधी झाला याचा अंदाज येतो. जातच चुकली की पुढचा सगळा हिशोब गेला. लहान अळ्या भिंगाखालीही सारख्याच दिसतात, म्हणून हा खटाटोप.

खऱ्या घटनास्थळी हात लावायचा नाही, ते पोलिसांचं आणि लॅबच्या टीमचं काम. सरावासाठी पाव किलो कलेजी आणा, गच्चीत जाळीखाली ठेवा (माशी आत जाईल, कावळा-मांजर नाही अशी जाळी) आणि शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा, वास येतो. आपल्याकडच्या उकाड्यात अंडी साधारण दिवसभरात फुटतात.

गोळा करताना सगळ्यात मोठ्या अळ्या आधी घ्या कारण त्या बहुतेक सगळ्यात जुन्या, मग बाकी साइजच्या. काही गरम पाण्यात बुडवून ८० टक्के अल्कोहोलमध्ये, म्हणजे आक्रसत नाहीत आणि लांबी नीट मोजता येते. डीएनएसाठीच्या अळ्या ९५ टक्के अल्कोहोलमध्ये आणि लगेच फ्रीजरला. काही जिवंत ठेवून माशी होईपर्यंत वाढवा. फॉर्मलिन अजिबात नको! आमची एक अख्खी बॅच त्यात गेली, डीएनएचे तुकडे तुकडे, अजून वाईट वाटतं. लेबल पेन्सिलने लिहून डबीच्या आत टाका, पेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. हवेचं आणि अळ्यांच्या ढिगाचं तापमान वेगवेगळं लिहा, ढीग बराच गरम असतो. आजूबाजूची मातीपण चाळा, कोष तिथे सापडतात.

लॅबमध्ये मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीच्या ऊर्जाकेंद्रातल्या) सीओआय नावाच्या जीनचा साधारण ६५८ अक्षरांचा तुकडा पीसीआरने, म्हणजे त्याच्या भरपूर प्रती काढून, वाढवून वाचतात आणि जेनबँक किंवा बोल्ड या डीएनएच्या डेटाबेसमध्ये जुळवतात. सोबत अळीचा डीएनए न घातलेली एक रिकामी ट्यूब चालवाच, कंटॅमिनेशन तिथेच पकडलं जातं. पहिला मॅच आला म्हणून खूश होऊ नका, डेटाबेसमध्ये चुकीची नावं असतात, आणि ल्युसिलिया सेरिकाटा-क्युप्रिनासारख्या माशांच्या जवळच्या जोडीत नुसतं सीओआय पुरत नाही, दुसरा जीनपण बघावा लागतो.

आणि अळीने कोणाला खाल्लं हेसुद्धा तिच्या पोटातून कळू शकतं, मृतदेह हलवलेला असला तरी. पण त्यासाठी खात असलेलीच अळी हवी, खाणं सोडून कोष करायला निघाली की पोट रिकामं होतं.