इंडियाना जोन्सच्या जीपमध्ये बसण्याआधी

मुलगी कॅलिफोर्नियात राहते, त्यामुळे अनाहाइमच्या डिस्नेलँडला तीनदा जाणं झालं. तिथे हॉलिवूडच्या सिनेमांतल्या इंडियाना जोन्स या साहसी पुरातत्त्व संशोधकावर ‘इंडियाना जोन्स ॲडव्हेंचर’ नावाची जीपमधून फिरवणारी राइड आहे. तिच्यात मी आतापर्यंत सात वेळा बसलोय. भोसरीत तीस वर्षं हायड्रॉलिक प्रेस दुरुस्त केल्या, म्हणून पहिल्याच फेरीत माझं लक्ष सापांपेक्षा पायाखाली गेलं. आता ओळखीतलं कुणी तिकडे निघालं की फोन येतो, ‘काका, काय बघायचं?’ तेच इथे सांगतो.

मुलं बरोबर असतील तर निघण्याआधी घरीच दाराच्या चौकटीला टेकवून उंची मोजा. ११७ सेंटिमीटर लागते. आमचा नातू पहिल्या वर्षी दोन बोटं कमी भरला आणि दारातून परत फिरताना रडरड रडला.

रांगेत घाई करू नका. ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आत शिरल्यावर वाट संपता संपत नाही. आधी जंगल, मग देऊळ, मग भुयार. त्याचं कारण जागेत आहे. डिस्नेलँडभोवती मातीचा बांध आहे, त्यावरून आगगाडी फिरते. बांधाच्या आत एवढ्या मोठ्या राइडला जागाच उरली नव्हती. म्हणून इमारत बांधली ती बांधापलीकडे, जुन्या वाहनतळावर. लोकांना तिथवर न्यायचं तर लांब वाट हवी, आणि त्या वाटेसाठी शेजारच्या ‘जंगल क्रूझ’ या बोटीच्या राइडची नदीसुद्धा वळवावी लागली. जागेची अडचण होती, तिचंच त्यांनी देऊळ केलं. भुयारातून चालताना तुम्ही खरोखर बांधाखालून पलीकडे जात असता.

पुढे एका खोलीत जुनी फिल्म चालू असते. तिथे पडद्याकडे न बघता मागे वळून वर, प्रोजेक्टरच्या बाजूला बघा. अंधारात ‘विनी द पू’च्या गोष्टींतल्या ‘ईयोर’ या गाढवाची पाटी दिसेल. वाहनतळाच्या त्या भागाचं नाव ईयोर होतं. बांधणाऱ्यांनी जुन्या जागेची खूण जपून ठेवली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

भिंतींवरची चिन्हं ही इंग्रजी अक्षरंच आहेत, वेश बदललेली. १९९५ च्या मार्चमध्ये राइड सुरू झाली तेव्हा ती वाचायची किल्ली असलेलं कार्ड लोकांना देत. नातवंडांना एकेक ओळ सोडवायला लावा, रांग सरकल्याचं कळत नाही. गोष्ट १९३५ सालच्या भारतातली आहे, आणि देवळातल्या देवाचं नाव आहे ‘मारा’. आपल्याकडे बुद्धाला मोहात पाडू पाहणारा मार ठाऊक असतो. इथला माराही मोहच घालतो: धन, तारुण्य, नाहीतर भविष्याचं दर्शन. त्याच्या डोळ्यांत मात्र बघायचं नाही. हे नातवंडांना आधी सांगून ठेवा, म्हणजे पुढचं सगळं उमगतं.

आता जीप. एका गाडीत बारा जण, चार-चारच्या तीन ओळी. पाठीचा किंवा मानेचा त्रास असेल तर बसूच नका. माझी बायको एकदा मागच्या ओळीत बसली आणि दोन दिवस मान धरून होती. पहिल्या फेरीला पुढच्या ओळीत जागा मिळते का, ते विचारून बघा.

राइडची आखणी करणारे डिस्नेचे टोनी बॅक्स्टर यांच्या चमूच्या सुरुवातीच्या आराखड्यात याच इमारतीत खाणीतल्या डब्यांचा रोलर कोस्टरही होता, शिवाय जंगल क्रूझच्या बोटी आणि आगगाडीही आतून जाणार होत्या. खर्च झेपेना, एकटी जीप उरली. मग सगळा जोर तिच्यावर लागला. चाकं साध्या, गुळगुळीत रस्त्यावर धावतात आणि जमिनीतली खाच गाडीला वाट दाखवते. चाकांच्या सांगाड्यावर बसायचा भाग वेगळा ठेवलाय आणि मधे हायड्रॉलिक सिलिंडर आहेत. पंप आणि ॲक्युम्युलेटर, म्हणजे तेलाचा दाब साठवणारी टाकी, गाडीतच असतात. आमच्या प्रेसला हीच यंत्रणा होती, फक्त जमिनीत घट्ट रोवलेली. इथे ती धावते! पेटंटचे कागद मी मुलीबरोबर बसून वाचले. वेग घेताना नाक वर करायचं, वळणावर बाहेर कलंडायचं, म्हणजे बसणाऱ्याला वेग दुप्पट भासतो. खरा वेग ताशी २२ किलोमीटरच्या आसपासच असतो. इंजिनाची घरघर स्पीकरमधून येते, गाडी विजेवर चालते.

दुसऱ्या फेरीत एखादा लांब सरळ टप्पा आला की डोळे मिटा. दगडधोंडे, उतार, खड्डे सगळं जाणवेल. मग उघडा आणि खाली बघा: रस्ता सपाट!

शेवटच्या मोठ्या गोल दगडासमोर गाडी मागे सरकल्यासारखी वाटते. तेव्हा दगड सोडून बाजूच्या भिंती बघा. गाडी थांबलेली असते, सरकतात त्या भिंती. मला हे पाचव्या फेरीत कळलं आणि मी जोरात टाळी वाजवली. शेजारचा अनोळखी मुलगाही वाजवू लागला.

उतरल्यावर तेवढंच अंतर चालत परत यायचंय. ज्येष्ठांसाठी पाण्याची बाटली आणि चांगल्या चपला विसरू नका.