व्हॅन मनालीला ठेवायची, तर तयारी रत्नागिरीच्या खळ्यातच

दापोलीत पारा 10 अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते. त्यामुळे पाइपात पाणी गोठतं, ही गोष्ट आपल्या ध्यानीमनी नसते. यंदा आमची कॅम्पर व्हॅन जानेवारी-फेब्रुवारी मनालीला उभी राहणार आहे. गोठताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं आणि पंप, नळ, पाइपांचे जोड फोडतं. गळती मात्र बर्फ वितळल्यावरच कळते. म्हणून व्हॅनमधलं पाणी काढून पाइपांत अँटीफ्रीझ, म्हणजे थंडीत न गोठणारा द्रव, भरायचा. ही सगळी कृती आधी खळ्यात साध्या पाण्याने एकदा करून बघा. तिथे बोटं बधिर झाल्यावर कुठला व्हॉल्व्ह कुठे ते शोधायची वेळ नको. आम्ही गीझरच्या बायपासचे, म्हणजे गीझरला वळसा देणाऱ्या पाइपाचे, व्हॉल्व्ह लाल ऑइलपेंटने रंगवून ठेवलेत.

अँटीफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं, पिण्याच्या पाण्याच्या लाइनला चालणारंच घ्या. रेडिएटरचा कूलंट बहुधा इथिलीन ग्लायकॉलचा असतो. तो विषारी, वर चवीला गोड; या लाइनमध्ये थेंबभरही जाऊ देऊ नका. छोट्या व्हॅनला 8 ते 10 लिटर पुरतं, तरी 12 न्या. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालू नका. ते बहुतेक गुलाबी असतं, लांबून कोकम सरबतच वाटावं. आगळाच्या रिकाम्या बाटलीत ते कधीही ओतून ठेवू नका, घरात मुलं असतात. सोबत पाना, फनेल, हातमोजे आणि पंपाच्या तोंडाला बसणारी हातभर नळी घ्या.

तिथे पोचल्यावर सगळ्या टाक्या रिकाम्या करा. गीझर बंद करून पूर्ण गार होऊ द्या, गरम नळ उघडून दाब सोडा, मगच खालचा प्लग काढा. मग बायपास लावा. तो विसरलात तर सगळं अँटीफ्रीझ गीझरच पिऊन टाकेल. फिल्टरची कांडी काढून घ्या. नळी कॅनमध्ये बुडवून पंप चालू करा. पंपाजवळच्या नळापासून सुरुवात, आधी थंड, मग गरम, गुलाबी धार येईपर्यंत. शॉवर, संडासचा फ्लश आणि गाडीच्या मागचा पाय धुवायचा नळही घ्या. सरावात आमचा हाच राहिला होता. शेवटी सिंक आणि मोरीच्या जाळीतून कप-कपभर ओता, म्हणजे खालच्या वाकड्या पाइपात साचलेलं पाणीही गोठणार नाही.

पंप बंद करून नळ क्षणभर उघडा, उरलेला दाब जाईल. गीझरच्या बटणावर चिकटपट्टी लावा, रिकामा गीझर चालू झाला तर कॉइल जळते. शेजारी मोठ्या अक्षरांत चिठ्ठी डकवा, तीही हिंदीत, कारण किल्ली तिथल्या शेजाऱ्यांकडे राहणार आहे.